शिपाई ते साहेब : एका वाटेचा मागोवा

एखाद्या संस्थेत सगळ्यात खालच्या कामाला लागायचं आणि चढत चढत तिच्या प्रमुखाच्या खुर्चीपर्यंत पोचायचं, ही वाट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधीतरी कुणीतरी बांधली असेल, हे मनातही येत नाही. झाडू मारणारं माणूस अधिकारी झाल्याची बातमी आली की आपण त्याच्या जिद्दीला हात जोडतो. ते रास्तच आहे. पण जिद्दीची माणसं प्रत्येक काळात होती. वाड्यांवर होती, गिरण्यांत होती, तालुक्याच्या कचेरीत होती, आणि त्यांतली बहुतेक जिथे लागली तिथेच म्हातारी झाली. थोड्यांना वर जाता आलं, कारण त्यांच्या वेळी त्यांच्या पुढ्यात पायऱ्या होत्या. त्या पायऱ्या कुणी घातल्या, कशासाठी घातल्या, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवायची मुभा कुणाला होती, याचा हा मागोवा.

आपल्या इतिहासात खालून वर आलेली माणसं कमी नाहीत. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट घाटावर आले, धनाजी जाधवांच्या पदरी महसुलाचं काम करू लागले आणि १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे झाले. लेखणीच्या बळावर प्रधानपदापर्यंत गेलेला हा माणूस. पण १७२० साली ते वारले तेव्हा पेशवाईची वस्त्रं त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला, बाजीरावाला मिळाली आणि पुढे ते पद भट घराण्याचंच झालं. बाजीरावाच्या योग्यतेबद्दल शंका नाही. पण बाळाजी विश्वनाथ ज्या वाटेने वर गेले, त्या वाटेने दुसरा कारकून पेशवा होण्याची शक्यता त्यानंतर उरली नाही. खालची कामंही तशीच बांधलेली : फडणिशी, चिटणिशी, कुळकर्ण, पाटीलकी. बापाचं काम मुलाकडे. तलवारीच्या बाजूला जरा मोकळीक होती. होळ गावचे मल्हारराव होळकर धनगराच्या घरातून सुभेदारीपर्यंत गेले; पण तिथेही पुढे दौलत घराण्याची झाली. ज्याला वतन नाही त्याने कचेरीत उमेदवारी करायची, म्हणजे बिनपगारी बसून नकला करायच्या आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. इंग्रजी अमलातल्या मामलेदार कचेऱ्यांतही असे उमेदवार होतेच.

पद घराण्याचं नसून संस्थेचं, आणि ठरावीक वर्षं भरली की पुढचं पद, अशी रीत आपल्या किनाऱ्यांवर रुजवली ती ईस्ट इंडिया कंपनीने. तिचा तरुण नोकर 'रायटर' म्हणून यायचा, म्हणजे कारकून. मग तो फॅक्टर व्हायचा, मग ज्युनिअर मर्चंट, मग सीनियर मर्चंट, आणि त्यांतूनच कौन्सिलचे सभासद आणि गव्हर्नर निघायचे. रायटरचा पगार वर्षाला पाच पौंड; खरी कमाई खासगी व्यापारातून व्हायची. रॉबर्ट क्लाइव्ह १७४४ मध्ये मद्रासला रायटर म्हणूनच उतरला. वॉरन हेस्टिंग्ज १७५० मध्ये कलकत्त्याला रायटर म्हणून आला आणि १७७४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या खुर्चीवर बसला. मात्र या शिडीच्या तळाशी यायलाच लंडनच्या एखाद्या संचालकाची शिफारस लागायची. आणि हिंदी माणसाला तीवर जागाच नव्हती. १७९३ मध्ये, कॉर्नवॉलिसच्या काळात, वर्षाला ५०० पौंडांवरच्या जागा 'कॅव्हेनंटेड' म्हणजे कंपनीशी करार केलेल्या गोऱ्या नोकरांसाठी राखल्या गेल्या. त्याच कचेरीत बसून तेच हिशेब लिहिणारा हिंदी कारकून दुसऱ्या पटावर. हे दोन वेगळे पट पुढची दीडशे वर्षं टिकले. पट वेगळा असला की शिडी वेगळी, ही गोष्ट इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

१८५४ आणि १८५५ या दोन वर्षांत तीन शहरांत तीन गोष्टी घडल्या. एकमेकींशी त्यांचा थेट संबंध नव्हता, पण आजच्या नोकरीची सगळी रचना त्यांच्यातून उलगडते.

लंडनमध्ये नॉर्थकोट आणि ट्रेव्हेल्यन या दोघांनी ब्रिटिश सरकारी नोकरीवरचा आपला अहवाल दिला. वशिल्याने भरती बंद करा, परीक्षा घ्या, असं तो सांगतो, आणि याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. पण त्याच अहवालाने आणखी एक गोष्ट केली. बुद्धीचं काम एकीकडे आणि यंत्रासारखं नकलण्याचं काम दुसरीकडे, अशी त्याने फाळणी केली. बुद्धीच्या कामाला विद्यापीठातून आलेला तरुण, नकलण्याला कारकून. इमारतीला दोन दारं झाली. खालच्या दाराने आलेल्याने वरच्या मजल्यावर जाण्याची अपेक्षा धरू नये, हे यात न बोलता ठरून गेलं. आपल्या देशातल्या सरकारी खात्यांत आजही हा जिना अर्ध्यावर का संपतो, याचं मूळ इथे आहे.

न्यू यॉर्कमध्ये ईरी रेल्वेचा अधीक्षक डॅनियल मॅककॅलम याने १८५५ मध्ये आपल्या रेल्वेचा एक तक्ता काढवून घेतला. सुमारे ५०० मैलांचा मार्ग, हजारोंनी नोकर, आणि कोण कुणाच्या हाताखाली हे कुणालाच नीट ठाऊक नाही. चुकीच्या निरोपाने गाड्या एकमेकींवर आदळायची भीती. तक्त्यात त्याने प्रत्येक पद दाखवलं आणि ते कुणाला उत्तर देतं तेही. उद्योगाच्या इतिहासात हा पहिला संघटन-तक्ता मानला जातो. त्याची आकृती झाडासारखी आहे. संचालक मंडळ खाली, मुळाशी, आणि फांद्या वर पसरलेल्या, टोकाला स्टेशनांवरचे आणि रुळांवरचे लोक. पुढच्या शंभर वर्षांत ते चित्र उलटलं, संचालक वर गेले. पण मुद्दा असा की एकाच कागदावर रूळ ठोकणारा आणि महाव्यवस्थापक दोघंही होते. मधल्या पदांना नावं होती, मोजता येत होती. मॅककॅलम स्वतः स्कॉटलंडहून आलेला, सुतारकाम शिकलेला माणूस होता.

तिसरी गोष्ट मुंबईतली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ पासून तिच्यात सूत निघू लागलं. गिरणीची शिडी कशी होती, ते पुढे पाहू. आधी रेल्वेचं पाहू, कारण 'खालून वर' या कल्पनेचा जगभर पसरलेला नमुना तिथून निघाला.

अँड्र्यू कार्नेगीचे वडील स्कॉटलंडमधल्या डन्फर्मलिनचे हातमागाचे विणकर. यंत्रमागांनी त्यांचा धंदा बसवला आणि १८४८ मध्ये कुटुंब अमेरिकेत आलं. तेरा वर्षांचा अँड्र्यू सूतगिरणीत आठवड्याला एक डॉलर वीस सेंटवर बॉबिन बदलायला लागला. पुढे पिट्सबर्गमध्ये तारा वाटणारा पोरगा झाला. तार ऐकून लिहून घ्यायला शिकला. १८५३ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या टॉमस स्कॉटने त्याला आपला तारमास्तर आणि कारकून म्हणून घेतलं आणि १८५९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो पिट्सबर्ग विभागाचा अधीक्षक झाला. हे त्याच्या हुशारीने झालं, यात वाद नाही. पण एक विभाग होता, त्याला एक अधीक्षक लागत होता, आणि साहेब वरच्या जागी गेला की त्याची जागा रिकामी होत होती. रेल्वे दर वर्षी लांब होत होती, म्हणून जागा दर वर्षी वाढत होत्या.

कार्नेगीने पुढे हाच नियम आपल्या पोलाद कारखान्यात चालवला. चार्ल्स श्वॉब १८७९ मध्ये त्याच्या ब्रॅडॉकच्या कारखान्यात मोजणीच्या खुंट्या ठोकणारा मदतनीस म्हणून लागला, दिवसाला एक डॉलरवर. १८९७ मध्ये तो कार्नेगी स्टीलचा अध्यक्ष झाला आणि १९०१ मध्ये अनेक कंपन्या एकत्र करून काढलेल्या यू. एस. स्टीलचा पहिला अध्यक्ष. १८८५ मध्ये पिट्सबर्गच्या एका व्यापारी विद्यालयात तरुणांपुढे बोलताना कार्नेगीने कचेरी झाडण्यापासून सुरुवात करण्याचं महत्त्व सांगितलं. त्या काळात होरेशिओ अल्जर नावाचा लेखक गरीब मुलांच्या उत्कर्षाच्या कादंबऱ्या लिहीत होता. त्यांतली 'रॅग्ड डिक' १८६८ ची. तिच्यात बूट पॉलिश करणारा मुलगा बोटीवरून पाण्यात पडलेल्या लहान मुलाला वाचवतो, आणि मुलाचा श्रीमंत बाप त्याला कारकुनी देतो. म्हणजे प्रत्यक्ष कथेत तो फक्त कारकून होतो, आणि तेही दुसऱ्याच्या मेहेरबानीने. पुढची पिढी मात्र त्या कथांतून कोट्यधीश होण्याचं स्वप्न वाचू लागली.

श्वॉब चढत होता त्याच वर्षांत, १८९२ च्या जुलैमध्ये, कार्नेगीच्याच होमस्टेडच्या कारखान्यात संपावरच्या कामगारांवर पिंकर्टन या खासगी एजन्सीचे भाडोत्री रक्षक सोडण्यात आले, दोन्हीकडची माणसं मेली आणि कामगारांची संघटना मोडली. बारा तासांची पाळी अमेरिकन पोलाद उद्योगात १९२३ पर्यंत राहिली. बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस रात्री कुठला अभ्यास करणार? एक श्वॉब वर गेला, हे खरं. त्याच्याबरोबर खालच्या पायरीवर असलेल्या हजारोंना वेळच ठेवला नव्हता, हेही तितकंच खरं. अशा कथा सांगताना ही दुसरी बाजू गाळली जाते, आणि मला ते लबाडीचं वाटतं.

तुलनेला सिडनी वाइनबर्ग घ्या. १९०७ मध्ये हा शाळा सोडलेला ब्रुकलिनचा मुलगा गोल्डमन सॅक्समध्ये झाडलोट करणाऱ्याचा मदतनीस म्हणून लागला. भागीदारांच्या टोप्या झाडायच्या, बुटांवरचा चिखल काढायचा. पॉल सॅक्स या भागीदाराचं त्याच्याकडे लक्ष गेलं, त्याने त्याला टपालखात्यात आणलं आणि व्यापारी विद्यालयात शिकायला पाठवलं. १९३० मध्ये वाइनबर्ग त्या पेढीचा प्रमुख भागीदार झाला आणि १९६९ मध्ये वारेपर्यंत तिथेच होता. या हकिकतीत दोन गोष्टी ठळक आहेत. मालक आणि झाडूवाला एका छपराखाली, एकमेकांना दिसत होते. आणि झाडूवाल्याला शिकायला घालणं हे पेढीला आपलं काम वाटलं.

आता मुंबईची गिरणी. इथेही शिडी होती, पण आखूड. खालच्या टोकाला बदली कामगार. रोज सकाळी दारात उभं राहायचं, कुणी खाडा केला तर त्याच्या जागी आत घेतात. मग कायम. त्याच्या वर जॉबर, म्हणजे मुकादम. भरती त्याच्या हातात, दस्तुरीही त्याच्या हातात. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार फार तर जॉबर व्हायचा, आणि तिथे छत लागायचं. स्पिनिंग मास्टर, वीव्हिंग मास्टर लँकेशायरहून यायचे. सुताबद्दल जॉबरला त्यांच्याइतकंच कळत असेल, कदाचित जास्तही, पण त्याच्या पुढे पायरी नव्हती.

आणि तळाशीही सगळे सारखे नव्हते. विणकाम खात्यात मजुरी जास्त मिळायची, पण तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, बाटेल, हे कारण. पगार चांगला असलेली पायरी जातीने अडवलेली. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. मालकाने घातलेला अडसर एक, आणि बरोबरीच्या कामगाराने घातलेला दुसरा. मुंबईच्या कामगार चळवळीचा अभिमान मला आहे, म्हणूनच हे लिहायचं टाळता येत नाही.

लँकेशायरच्या मास्तरांच्या जागी हिंदी माणसं तयार व्हावीत, या गरजेतून १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं. आणि तिथेच आपल्या गोष्टीतला एक मोठा प्रसंग घडला. बेळगावकडचे लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथे यांत्रिक रेखाटन शिकवत. बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, बेळगावला भावाबरोबर सायकलींचं दुकान पाहिलं, मग लोखंडी नांगर केला, आणि १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. हा प्रसंग आपण उद्योजकतेची प्रेरणा म्हणून सांगतो. त्यात दुसरंही काही आहे : ज्या संस्थेने वरची पायरी नाकारली, तिने आपला माणूस गमावला. वाडीत लक्ष्मणरावांनी काय केलं ते पाहा. शाळा अर्धी सोडलेल्या अनंतराव फळणीकरांच्या हाती त्यांनी यंत्रं दिली आणि ते तिथले कल्पक कारागीर ठरले. समाजाने गुन्हेगार ठरवलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना त्यांनी राखणीला ठेवलं. स्वतः अडवला गेलेला माणूस दुसऱ्याची प्रमाणपत्रं विचारत बसला नाही. कारखान्याच्या इतिहासात नांगराइतकंच याला महत्त्व द्यायला हवं.

इंग्रज कंपन्यांतला 'कॅव्हेनंटेड' हा पट विसाव्या शतकातही चालूच होता. लीव्हर कंपनीत प्रकाश टंडन १९३७ मध्ये आले ते या पटावरचे सुरुवातीचे हिंदी अधिकारी म्हणून, विलायतेतून हिशेबनीस होऊन. १९६१ मध्ये ते हिंदुस्थान लीव्हरचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. चोवीस वर्षांत दार उघडलं, पण उघडलं ते वरचं दार. कचेरीतल्या शिपायाला किंवा शिवडीच्या साबण कारखान्यातल्या कामगाराला त्याचा उपयोग नव्हता.

टाटांच्या घरातही खालून सुरुवात करण्याची प्रथा होती. जे. आर. डी. टाटा १९२५ च्या डिसेंबरमध्ये बिनपगारी उमेदवार म्हणून आले आणि १९३८ मध्ये अध्यक्ष झाले. रुसी मोदी १९३९ मध्ये जमशेदपूरला खलाशी म्हणून, म्हणजे अंगमेहनतीच्या मजुरीवर लागले आणि १९८४ मध्ये टाटा स्टीलचे अध्यक्ष झाले. मात्र रुसी मोदी हॅरो आणि ऑक्सफर्डहून आलेले, मुंबईच्या गिरणीमालक संघाचे अध्यक्ष राहिलेल्या सर होमी मोदींचे चिरंजीव होते. त्यांनी भट्टीजवळचं काम खरोखर केलं, कामगारांत मिसळले, आणि त्याचा कारखान्याला फायदा झाला. पण त्यांना त्या पायरीवरून वर जायचं आहे हे पहिल्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं. शेजारी उभ्या असलेल्या खलाशाचं तसं नव्हतं. या दोन सुरुवाती एकाच शब्दात सांगू नयेत.

मग सामान्य घरातल्या माणसासाठी खरीखुरी वाट आपल्याकडे कधी झाली? माझ्या मते ती झाली स्वातंत्र्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत, आणि सगळ्यात स्पष्ट झाली बँकांमध्ये. १९५५ मध्ये इम्पिरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९६९ च्या जुलैमध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि शाखा खेड्यापाड्यांत गेल्या. शाखा वाढल्या की मॅनेजर लागतात. रेल्वेने कार्नेगीसाठी जे केलं, ते शाखाविस्ताराने गावोगावच्या कारकुनांसाठी केलं. शिपायातून कारकून, कारकुनातून अधिकारी, अशा खात्यांतर्गत परीक्षा होत्या. १९२८ पासून चालत आलेली बँकर्स इन्स्टिट्यूट होती आणि तिची सीएआयआयबी ही परीक्षा. ती सुटली की पगारात वाढ मिळायची, त्यामुळे घरोघरी संसार सांभाळून लोक अभ्यासाला बसत. बाहेर टायपिंगच्या इन्स्टिट्यूट होत्या. तीस आणि चाळीसची परीक्षा, म्हणजे मिनिटाला तितके शब्द, हे मराठी मध्यमवर्गाचं पहिलं भांडवल होतं. रात्रशाळा होत्या, ज्यांची परंपरा जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी काढलेल्या शाळेपर्यंत जाते. मुंबईत १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय काढलं. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून त्याचे वर्ग सकाळी भरत. वर जाण्यासाठी लागणारा वेळ कुणीतरी विचार करून, घड्याळ पुढे-मागे सरकवून मोकळा करून दिला होता.

या व्यवस्थेने काय करता येतं, ते २०२२ मध्ये वृत्तपत्रांनी सांगितलं. मुंबईत स्टेट बँकेच्या शाखेत अर्धवेळ झाडलोट करण्यापासून सुरुवात केलेल्या एक बाई दहावी झाल्या, शिपाई झाल्या, रात्रीच्या वर्गांत शिकून पदवीधर झाल्या, कारकून झाल्या, अधिकारी झाल्या, आणि त्या वर्षी सहाय्यक महाव्यवस्थापक. बातम्यांत त्यांच्या कष्टांचं वर्णन भरभरून होतं आणि ते असायलाच हवं होतं. पण एक ओळ कुठे ठळक दिसली नाही : झाडलोटीचं ते काम बँकेच्या स्वतःच्या नोकरीत होतं. म्हणून दहावीचं प्रमाणपत्र घेऊन त्या त्याच बँकेला म्हणू शकल्या, आता मला पुढची जागा द्या.

पीटर डोरिंगर आणि मायकेल पिओरी या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये नेमकं हेच मांडलं. मोठ्या संस्थेच्या आत एक स्वतंत्र बाजार असतो, बाहेरच्या माणसाला त्यात ठरावीक खालच्या जागांवरूनच शिरता येतं, आणि वरच्या जागा आतल्या माणसांतूनच भरल्या जातात. त्यांनी हे लिहिलं तेव्हा ती व्यवस्था भरात होती. पुढच्या पिढीत ती दोन्ही टोकांनी झिजली.

वरच्या टोकाचं थोडक्यात सांगतो. १९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबादला आयआयएम निघाल्या, १९६५ मध्ये मुंबईत जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट. मॅनेजमेंट ट्रेनी थेट मधल्या मजल्यावर उतरू लागला. लार्सन अँड टुब्रोचे ए. एम. नाईक १९६५ मध्ये ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागून १९९९ मध्ये प्रमुख झाले. एन. चंद्रशेखरन १९८७ मध्ये टीसीएसमध्ये येऊन २००९ मध्ये तिचे आणि २०१७ मध्ये टाटा सन्सचे प्रमुख झाले. अरुंधती भट्टाचार्य १९७७ मध्ये प्रोबेशनरी ऑफिसर होत्या आणि २०१३ मध्ये स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. तिघांचीही कामगिरी मोठी. पण इथे तळाची पायरी पदवीच्या उंचीवर गेलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

खालच्या टोकाला घडलं ते अधिक गंभीर. आपल्याकडे कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० मध्ये झाला. त्याच्या आधारे ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली : या कायद्याखाली ज्या आस्थापना केंद्राच्या अखत्यारीत येतात, त्यांच्या इमारती झाडणं, साफ करणं, धूळ पुसणं आणि राखणं या कामांना कंत्राटी माणूस लावायचा नाही. आज वाचताना आश्चर्य वाटावं इतका हा स्पष्ट आदेश आहे. मुंबईतल्या एअर इंडियाच्या सफाई कामगारांचा खटला याच आदेशावर उभा राहिला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंत्राट बंद झालं तर ती माणसं मूळ संस्थेच्या नोकरीत घ्यावी लागतील. पाच वर्षं टिकला तो निकाल. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने तो फिरवला, १९७६ ची अधिसूचनाही पुढील काळापुरती रद्द केली, आणि कंत्राटी कामगाराला आपोआप सामावून घेण्याची तरतूद कायद्यात नाही असं ठरवलं. कायद्याच्या अर्थाबद्दल न्यायालयाचं बरोबर असेल. परिणाम मात्र असा झाला की झाडणारा माणूस ज्या इमारतीत रोज जातो, तिच्या पटावर तो नसतो. दोन-तीन वर्षांनी एजन्सी बदलते, गणवेशाचा रंग बदलतो, माणूस तोच राहतो, आणि त्याची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते.

अमेरिकेतही हेच झालं. २०१७ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने दोन सफाई कामगार स्त्रियांची तुलना छापली होती. गेल एव्हान्स १९८० च्या दशकात रोचेस्टरला कोडॅक कंपनीत फरशी पुसत. त्या कंपनीच्या स्वतःच्या नोकर होत्या, म्हणून भरपगारी रजा होती, आणि कॉलेजच्या फीतला काही भाग कंपनी परत देत होती. शिकल्या, संगणक विभागात आल्या आणि पुढे त्याच कोडॅकच्या मुख्य तंत्रज्ञान अधिकारी झाल्या. दुसऱ्या बाई ॲपलच्या कचेरीत तेच काम करत होत्या, पण ठेकेदाराच्या नोकरीत. त्यांच्यापुढे वरचं पद म्हणजे सफाई गटाचा मुकादम. दोघींचा पगार, महागाई धरली तर, साधारण सारखाच होता. बदललं होतं ते फक्त हे, की पगार कोण देतं.

जिथे पट एकच राहिला, तिथे वाट अजून चालू आहे. मॅकडोनाल्ड्सचा चार्ली बेल १९७६ मध्ये, पंधराव्या वर्षी, सिडनीच्या एका दुकानात लागला आणि २००४ मध्ये सगळ्या कंपनीचा प्रमुख झाला. वॉलमार्टचे डग मॅकमिलन १९८४ मध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत गोदामात ट्रक उतरवत होते आणि २०१४ मध्ये प्रमुख झाले. या कंपन्यांच्या मजुरीबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्या आहेत. तरीही दुकानातला पोरगा कंपनीचाच नोकर आहे आणि दुकानाचा मॅनेजर त्याच्यातूनच निवडायचा असतो, एवढ्यावर ही वाट उघडी राहते.

आपल्याकडे कायदा कुठे आला आहे, तेही सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा आणि आरोग्याच्या २०२० च्या संहितेत, संस्थेच्या गाभ्याच्या कामासाठी कंत्राटी कामगार लावू नयेत असं म्हटलं आहे. आणि गाभ्यात काय येत नाही याची यादी दिली आहे : झाडणं, साफ करणं, धूळ पुसणं, पहारा, उपाहारगृह, माल चढवणं-उतरवणं, बागकाम. संस्था मुळात त्याच कामासाठी काढलेली नसेल, तर ही कामं बाहेर देता येतात. १९७६ मध्ये जी कामं कंत्राटाने द्यायला मनाई होती, तीच कामं आता परवानगीच्या यादीत अगदी वर आहेत. पण कायद्याने परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही.

हे वाचणाऱ्यांत पतसंस्थांचे, शिक्षणसंस्थांचे, रुग्णालयांचे, साखर कारखान्यांचे संचालक आणि विश्वस्त असतील. तुमच्या संस्थेचं सफाईचं आणि पहाऱ्याचं कंत्राट संपून नव्याने सहीसाठी समोर येईल, तेव्हा त्यातल्या काही जागा तरी आपल्या पटावर घ्या. त्या माणसांची शाळा-कॉलेजची फी भरा, परीक्षेच्या दिवशी रजा द्या, आणि पुढच्या वेळी शिपायाची किंवा कारकुनाची जागा निघाली की अर्ज आधी त्यांच्याकडून मागवा.